दुसरा प्रश्न

मुलं 'मला उदास वाटतंय' असं म्हणत डॉक्टरकडे येत नाहीत. ती पोट दुखतं म्हणून येतात. डोकं दुखतं, झोप लागत नाही, सकाळी शाळेच्या वेळेला मळमळतं, मधूनच छातीत धडधडतं म्हणून येतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाकडे आपल्या दुःखासाठी शब्द नसतात. मनातलं त्याला पोटात कळतं. आणि ते दुखणं खोटं नसतं, हे आधी सांगायला हवं. मेंदू आणि आतडं यांची देवाणघेवाण अखंड चालू असते, घाबरलेल्या मुलाचं पोट खरोखरच दुखतं. चौदा-पंधराव्या वर्षी शब्द आलेले असतात, पण ते कुणापुढे काढायचे याचा भरवसा नसतो. या वयातलं नैराश्य कित्येकदा रडत येत नाही, चिडत येतं. घरचे म्हणतात, 'हल्ली फार उद्धट झालाय.'

अशा मुलाला पहिला प्रश्न सगळेच विचारतात: काय होतंय? त्याचं उत्तर ठरलेलं असतं. पोट तपासलं जातं, मऊ लागतं, रक्त-लघवीचे रिपोर्ट नॉर्मल येतात. इथे गोष्ट संपू शकते आणि बहुतेक वेळा संपतेच. पुढे नेतो तो दुसरा प्रश्न. 'बाकी कसं चाललंय?' किंवा 'हे सुरू झालं तेव्हा आणखी काय काय घडत होतं?' शब्द कोणतेही असोत. तो विचारण्यासाठी आईबाबांना थोडा वेळ बाहेर बसवावं लागतं, हातातलं पेन खाली ठेवावं लागतं, आणि येईल ते उत्तर झेलायला स्वतःच्या मनात जागा असावी लागते. पहिल्या दोन गोष्टी शिकवता येतात. तिसरी शिल्लक असावी लागते.

मुलांच्या मनाबद्दल आज खूप बोललं जातं आणि ते चांगलंच आहे. पण हे सगळं बोलणं शेवटी या दुसऱ्या प्रश्नाशी येऊन थांबतं, आणि तो विचारला जाणार की नाही हे डॉक्टरच्या आत काय उरलंय त्यावर ठरतं. डॉक्टरांचं मानसिक आरोग्य हा त्यांच्या सोयीसवलतींचा विषय समजून आपण बाजूला ठेवतो. माझ्या मते तो मुलांच्या उपचाराचाच भाग आहे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्रश्न किती मोठा आहे ते थोडक्यात सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वर्षांच्या दर सात मुलामुलींमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार असतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणातून २००५ साली पुढे आलेलं एक वाक्य नेहमी सांगितलं जातं: आयुष्यभरातल्या मानसिक आजारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. २०२१ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण थोडं खाली आलं. चौदाच्या आत साधारण एक तृतीयांश, अठराच्या आत जवळपास निम्मे. तरीही अर्थ तोच राहतो. मोठेपणी ज्या आजारासाठी माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, त्याची सुरुवात बालरोगतज्ज्ञाच्या किंवा फॅमिली डॉक्टरच्या खोलीत कधीतरी येऊन गेलेली असते. बालमानसोपचारतज्ज्ञ जवळजवळ सर्वत्र अपुरे आहेत. म्हणजे दार एकच आहे, आणि त्या दारात बसलेला माणूस बहुधा दमलेला आहे.

मी स्वतः त्या दारात बसले आहे, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. निवासी डॉक्टर होते तेव्हाची. तेरा वर्षांचा एक मुलगा एका महिन्यात तिसऱ्यांदा डोकेदुखीसाठी आला होता. डोळे तपासून झाले होते, रक्तदाब ठीक होता, केसपेपरवर माझ्याच अक्षरात दोन वेळा 'विशेष काही नाही' लिहिलेलं होतं. मी आदल्या सकाळपासून जागी होते. आई औषधं आणायला खिडकीशी गेली आणि मुलगा स्टुलावरच बसून राहिला. बुटाच्या टोकाने फरशीवरची एक भेग घासत होता. मग वर न बघता त्याने विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला कधी असं वाटतं का, की झोपावं आणि उठूच नये?"

मी म्हणाले, "हो रे, रोजच वाटतं." आणि पुढचं नाव पुकारलं.

मला ते माझ्या झोपेबद्दलचं वाक्य वाटलं. त्या क्षणी झोप ही माझ्या आयुष्यातली एकमेव इच्छा होती, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या तोंडी आलेल्या त्याच शब्दांचा निराळा अर्थ असू शकतो हे मला सुचलंच नाही. दीड महिन्याने तो आमच्याच वॉर्डात भरती झाला. तो वाचला. त्याच्याशी रात्रभर बोलत बसल्या त्या वॉर्डातल्या एक सिस्टर. तो कशाने इतका खचला होता हे त्यांनी विचारलं, मी विचारलं नव्हतं. मी माझ्या वरिष्ठांना सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "होतं असं, पुढच्या वेळी लक्ष ठेव," आणि राउंड पुढच्या कॉटकडे सरकला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनाही कुणी कधी याहून वेगळं काही सांगितलेलं नसणार.

त्या मुलाने दार उघडलं होतं. ते बंद झालं याचं कारण मी निष्काळजी होते हे आहे, पण तेवढंच नाही. मला विषय येत होता. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारल्याने ते विचार मुलाच्या डोक्यात पेरले जात नाहीत, उलट त्याला सुटल्यासारखं वाटू शकतं, हे मी वाचलेलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही असतं. किशोरवयीन मुलाशी काही वेळ एकट्याने बोलावं, बोलणं गुप्त राहील असं सांगावं आणि जिवाला धोका असेल तर मात्र ते गुप्त ठेवता येणार नाही हेही आधीच सांगावं, हे सगळं मला पाठ होतं. कमी होतं ते आतलं.

डॉक्टरांच्या जगात एक शब्द फार वापरला जातो: रुळणं. नवा निवासी डॉक्टर पहिले काही महिने रडतो, कधी बाथरूममध्ये जाऊन, कधी जिन्यात बसून. मग तो चिडायला लागतो. मग शांत होतो आणि सगळे समाधानाने म्हणतात, 'रुळला.' हा शब्द ऐकला की मला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमधल्या मुलांच्या वॉर्डांची आठवण येते. त्या काळी रुग्णालयात ठेवलेल्या लहान मुलांना आईवडिलांनी भेटायचं ते मोजक्या वेळी, काही ठिकाणी आठवड्यातून एखाददाच. कारण असं सांगितलं जाई की पालक येऊन गेले की मुलं रडतात, नाही आले तर चार-सहा दिवसांत छान रुळतात. ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९४८ पासून या वॉर्डांमध्ये बसून नुसतं पाहिलं. त्यांना दिसलं ते असं: मूल आधी आकांत करतं, मग हताश होऊन पडून राहतं, आणि शेवटी अलिप्त होतं. त्या तिसऱ्या पायरीवर ते हसतं, जेवतं, कुणाच्याही हातात जातं, आणि आई आली तर तोंड फिरवतं. वॉर्ड त्यालाच 'रुळलं' म्हणत होता.

रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीवरचा छोटा बोधपट डॉक्टरांना दाखवला तेव्हा अनेकांना राग आला. आमच्या वॉर्डात असं होत नाही, असं ते म्हणाले. रोज त्या वॉर्डात असणाऱ्यांनाच ते दिसत नव्हतं, आणि मला याचं नवल वाटत नाही. दिवसाला तीसदा ऐकू येणारं रडणं दरवेळी तितकंच ऐकू आलं तर काम करणं अशक्य होईल. पुढे १९५९ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने पालकांना मुलाजवळ मोकळेपणाने राहू द्यावं अशी शिफारस केली, आणि आज मुलाच्या कॉटशेजारी आई बसलेली असणं आपल्याला इतकं स्वाभाविक वाटतं की त्यासाठी कुणाला भांडावं लागलं होतं हेही आठवत नाही.

आता जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अकराव्या आजार-वर्गीकरणात 'बर्नआउट'ची जी व्याख्या दिली आहे ती पाहा. त्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती संपून जाणं, कामापासून मनाने दूर जाणं किंवा कामाबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटनेने त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे उद्भवणारी ती स्थिती आहे, असं म्हटलं आहे. दोष माणसाच्या जडणघडणीत शोधण्याआधी कामाच्या जागेत शोधायला हवा, असा मी त्याचा अर्थ लावते. यातली मधली गोष्ट, मनाने दूर जाणं, हीच रॉबर्टसन यांची तिसरी पायरी नाही का? दूर गेलेला डॉक्टर औषध बरोबर लिहितो, डोस बरोबर काढतो, नम्रपणे बोलतो. त्याला फक्त दुसरा प्रश्न सुचत नाही.

आणि कधीकधी डोसही चुकतो. अमेरिकेतल्या तीन बाल-रुग्णालयांतल्या १२३ निवासी डॉक्टरांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी २० टक्के नैराश्याच्या निकषांत बसत होते आणि ७४ टक्के बर्नआउटच्या. नैराश्य असलेल्यांच्या हातून औषधांच्या चुका इतरांच्या सहापटीहून थोड्या जास्त झाल्या. बर्नआउट असलेल्यांच्या चुका मात्र इतरांपेक्षा लक्षणीय जास्त नव्हत्या. हा दुसरा निष्कर्ष सोयीचा नाही म्हणून काहीजण सांगत नाहीत, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. बर्नआउट झालेला डॉक्टर मोजता येणाऱ्या चुका टाळतो. त्यासाठी तो उरलीसुरली सगळी ताकद लावतो. जे त्याच्याकडून निसटतं, ते कोणत्याही नोंदवहीत येत नाही. माझ्या त्या ओपीडीत औषधाची चूक एकही झाली नव्हती.

अर्थात, थोडं अंतर लागतं. प्रत्येक मुलाबरोबर रडणारा डॉक्टर कुणाच्याच कामाचा नाही, आणि तरुण डॉक्टरांना मी हे सांगते. पण अंतर ठेवणं ही जागेपणी, समजून केलेली गोष्ट असते, आणि बधिर होणं आपल्या नकळत होतं. रुग्णालयं मात्र ही बधिरता जणू मुद्दाम घडवतात. मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीस यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमधल्या एका शिक्षण-रुग्णालयातल्या परिचारिकांच्या कामाचा अभ्यास केला होता. रुग्णाचा उल्लेख नावाने न होता कॉटच्या नंबराने किंवा बिघडलेल्या अवयवाने व्हायचा. एका परिचारिकेकडे चार रुग्ण पूर्ण सोपवण्याऐवजी तीसजणांचं एकेक काम दिलं जायचं, म्हणजे कुणातच जीव गुंतू नये. झोपेची गोळी द्यायची वेळ झाली म्हणून झोपलेल्या रुग्णाला उठवलंही जायचं. मेन्झीस यांचं म्हणणं असं, की ही सारी व्यवस्था वेदना आणि मृत्यू रोज जवळून पाहण्याच्या भीतीपासून बचाव करण्यासाठी उभी राहिली होती, आणि तिने भीती कमी झाली नाही. फक्त कामातलं समाधान गेलं. मुलांच्या ओपीडीत आज दर तीन-चार मिनिटांना एक नाव पुकारलं जातं, त्यामागे गर्दी हे खरं कारण आहेच. पण एवढ्या वेळात कुणी काही खोलातलं सांगूच शकत नाही याचा आम्हाला आतून थोडा दिलासाही वाटतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

मग डॉक्टर बोलत का नाहीत? मुलांना आम्ही सांगतो की मन मोकळं करा, मदत मागण्यात कमीपणा नाही. स्वतःच्या बाबतीत आम्हाला ठाऊक असतं की कमीपणा आहे, आणि किंमतही आहे. न्यूयॉर्कमधल्या आपत्कालीन विभागाच्या डॉक्टर लॉर्ना ब्रीन यांनी कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल २०२० मध्ये, आत्महत्या केली. मदत घेतली तर परवाना जाईल, सहकारी वाळीत टाकतील, अशी भीती त्यांना वाटत होती, असं त्यांच्या कुटुंबीयांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. कुटुंबीयांच्या पाठपुराव्यामुळे मार्च २०२२ मध्ये त्यांच्या नावाने आरोग्यसेवकांच्या मानसिक आरोग्यासाठी अमेरिकेत कायदा झाला. तिथल्या परवान्याच्या अर्जांवर वर्षानुवर्षं विचारलं जात होतं, की तुम्ही कधी मानसिक आजारासाठी उपचार घेतले आहेत का. आज काम करायला सक्षम आहात का, एवढं विचारणं रास्त आहे. पूर्वी कधी उपचार घेतले का, हे विचारणं म्हणजे उपचार घेऊ नका असं सांगणं. बऱ्याच राज्यांनी तो प्रश्न आता काढला किंवा बदलला आहे, आणि जिथे जिथे असा प्रश्न अर्जावर असेल तिथून तो गेला पाहिजे. त्याला पैसे लागत नाहीत.

डॉक्टरांच्या शपथेचा इतिहासही बोलका आहे. जागतिक वैद्यकीय संघटनेची जिनिव्हा प्रतिज्ञा १९४८ ची. डॉक्टरने स्वतःच्या आरोग्याकडेही लक्ष द्यावं, म्हणजे त्याला उत्तम उपचार देता येतील, हे वाक्य तिच्यात आलं २०१७ मध्ये. मध्ये एकोणसत्तर वर्षं गेली.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, की हा पेशा त्यांनी स्वतःहून निवडला आहे. आधी मुलांचं बघा, डॉक्टरांचे लाड नंतर. हे म्हणणाऱ्यांमध्ये हताश पालक असतात आणि त्यांचं दुःख खरं आहे. आपल्या मुलाचं ऐकून घेणारा कुणी भेटला नाही म्हणून ते चिडलेले असतात. मी त्यांना एवढंच विचारते, की दोन रात्री जागलेल्या माणसाला तुम्ही तुमच्या मुलाची शस्त्रक्रिया करू द्याल का? नाही ना? मग त्याच अवस्थेतल्या माणसाने तुमच्या मुलीच्या गप्प राहण्याचा अर्थ लावावा, हे तुम्हाला चालतं कसं? ऐकणं हेही हाताइतकंच कसबाचं काम आहे आणि जागरणाने तेही थरथरतं.

दुसरा आक्षेप माझ्याच पिढीतल्या डॉक्टरांचा असतो: आम्ही छत्तीस छत्तीस तास काढले, आम्हाला काही झालं नाही. मला शंका आहे. आम्हाला काय झालं हे आमच्या रुग्णांना विचारायला हवं, आणि आमच्या घरच्यांनाही.

उपाय म्हणून हल्ली शिबिरं होतात. श्वास कसा घ्यावा, कृतज्ञतेची वही कशी ठेवावी. त्याने कुणाला बरं वाटत असेल तर उत्तमच, पण ड्यूटीचं वेळापत्रक तसंच ठेवून दमलेल्या माणसाला आणखी एक तासाच्या कार्यशाळेला बसवणं मला अन्यायाचं वाटतं. पोट दुखणाऱ्या मुलाला वर्गातली मारहाण न थांबवता पोटदुखीचं औषध देत राहण्यासारखं आहे ते. प्रश्नावल्यांचंही तसंच. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये १२ ते १८ वयोगटात नैराश्याची आणि ८ ते १८ मध्ये चिंताविकाराची चाचपणी नेमाने करावी अशी शिफारस केली. मी तिच्या बाजूने आहे. छापील प्रश्नाला उत्तर देणं काही मुलांना सोपं जातं. पण मुलाने चौकोनात खूण केल्यावर तो कागद वाचून मान वर करणारा माणूस लागतोच. ती खूण करून मूल वाट बघत बसलं आणि कुणी काही बोललंच नाही, तर ते पुन्हा कधी खूण करणार नाही.

मला हव्या असलेल्या गोष्टी साध्या आहेत. किशोरवयीन मुलासाठी ओपीडीत दुप्पट वेळ धरलेला असावा आणि त्यातला काही वेळ त्याला एकट्याला मिळावा. सलग ड्यूटीला मर्यादा असावी आणि ती कागदावर न राहता पाळली जावी. वॉर्डात मूल दगावलं तर त्या रात्री तिथे असलेल्या सगळ्यांनी, सिस्टर आणि मावशींसकट, एकत्र बसावं. चूक कुणाची हे शोधायची बैठक वेगळी, ही वेगळी. लंडनमध्ये मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात फॅमिली डॉक्टरांचे असे गट चालवले होते, जिथे डॉक्टर आपल्याला अवघड वाटणाऱ्या रुग्णांबद्दल आणि त्या रुग्णांनी आपल्या मनात काय ढवळून काढलं त्याबद्दल बोलत. त्याला यंत्र लागत नाही, बंद दाराची एक खोली लागते. आणि डॉक्टरांना मानसोपचार घ्यायचे असतील तर ते आपल्याच रुग्णालयात, आपल्याच शिक्षकांसमोर घ्यावे लागू नयेत. या सगळ्यामुळे माणसं जास्त लागतील, रांगा काही काळ लांबतील. हे लपवून उपयोग नाही.

ते किती अवघड आहे हे मला गेल्या वर्षी कळलं. एक निवासी डॉक्टर सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी माझ्याकडे आली. पहाटे तिच्या हातात एक बाळ गेलं होतं. म्हणाली, "मॅडम, आज मी ओपीडीत नको बसू का? समोरचं मूल काय सांगतंय ते मला ऐकू येणार नाही." बाहेरचा बाक भरलेला होता, भिंतीला टेकून माणसं उभी होती. मी घड्याळाकडे पाहिलं. 'होतं असं' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मग तिला वर सिस्टरांच्या खोलीत पाठवलं आणि तिच्या खुर्चीत जाऊन बसले. माझं सकाळचं लेक्चर रद्द झालं. ओपीडी साडेतीनपर्यंत चालली. दोन पालक चिडून मुलांना घेऊन निघून गेले आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. दुपारी ती तोंड धुऊन, केस बांधून खाली आली. शेवटी एकच मुलगी उरली होती, बारा-तेरा वर्षांची, बाबांबरोबर आलेली. डोकं दुखतं अशी तक्रार होती. मी उठले आणि त्या निवासी डॉक्टरला जागा दिली. दारातून बाहेर पडताना मला ऐकू आलं, ती बाबांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगत होती. मग तिने दार लावून घेतलं.